हरकतीची मुदत

— नाही नाही, आधी बसा. उभ्याउभ्या कागद घेणं मला जमत नाही, वहिनी — वहिनी म्हटलं तर चालेल ना? तुमच्या यजमानांनी मला पत्रात 'साहेब' लिहिलं होतं, पण वयानं माझ्या धाकट्या भावासारखे, म्हणून आपलं म्हटलं... ती खुर्ची नको, तिचा एक पाय डुगडुगतो, ही घ्या. किती दम लागलाय तुम्हाला! तीन जिने म्हणजे काय चेष्टा आहे, आणि लिफ्ट सहा महिने बंद. मोबाइल खाली पहारेकऱ्यानं ठेवून घेतला ना? मलाही नाही पटत ते, पण इमारतीचा नियम, काय करता. जाताना मिळेल. आणि घाबरू नका हो, मुदत पाच वाजेपर्यंत आहे — ते बघा ना घड्याळ, समोरच आहे — सव्वाचार. चांगला पाऊण तास आहे आपल्या हातात. पाऊण तासात माणूस अख्खा कायदा लिहून काढील, तुमची तर एक पानाची हरकत. चहा घ्या आधी. थर्मासमधला आहे, गोड जरा जास्त आहे, पण गरम आहे.

द्या, बघू तो कागद. नाही, शिक्का मारतो की, शिक्का कुठं पळून जातोय, पण न वाचता मारला आणि काही अपुरं निघालं तर तुमचंच नुकसान — म्हणून. हं... 'विनंती करते की'... हरकतीत विनंती करायची नसते, वहिनी, हरकत घ्यायची असते, पण असू दे. कुणी लिहून दिलं? तुम्हीच? अक्षर सुरेख आहे. 'माझे पती जुन्या कागदपत्रांच्या गोदामात कागदांची कीड मारायला विषारी धूर सोडतात त्या धूर-खोलीचं यंत्र सांभाळत... त्या खोलीत गाठोडी बांधणारे काका गुदमरून गेले... सोमवारी सुनावणी आहे... समितीनं नियम स्पष्ट होता असं कळवलं, तर सगळा दोष माझ्या पतीवर येईल.' — येईल ना. येणारच. ते मी कुठं नाकारतोय? किती म्हणाले वकील, सात वर्षं? दहा! अरे बापरे. मुलं केवढी आहेत? ...हं. मोठीचं तर हेच शाळेचं शेवटचं वर्ष म्हणजे. वाईट वाटतं हो. खरंच वाईट वाटतं, तुम्हाला वाटेल म्हातारा वरवर बोलतोय, पण महिनाभर मला नीट झोप नाही.

आता तुम्ही काय देताय ते तुम्हाला कळलं पाहिजे. मी या समितीचा कार्यवाह, बावीस वर्षं. आम्ही करतो काय, तर यंत्राला हुकूम द्यायची एक भाषा आहे — शेल म्हणतात तिला — काळा पडदा, पांढरी अक्षरं, एक ओळ लिहायची आणि यंत्र ती पाळतं — तर त्या भाषेचे नियम आम्ही लिहितो. हे जाडजूड पुस्तक बघा, हे ते. गोदामापासून दवाखान्यापर्यंत सगळी यंत्रं याच्यावर चालतात, आणि लिहिणारी माणसं किती? नऊ. आता आठ. कुणाला एखादा नियम कळला नाही तर तो आम्हाला विचारतो, आम्ही उत्तराचा मसुदा करतो, आणि तो मसुदा तीस दिवस सगळ्यांसमोर ठेवतो. तीस दिवसांत कुणी, अगदी रस्त्यावरच्या माणसानं जरी, लेखी हरकत घेतली, तर मसुदा थांबतो, अख्खी समिती बसते, जुने कागद बाहेर निघतात, हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, सगळं खणून काढतात. आणि तीस दिवस कुणी बोललंच नाही, तर ते मान्य झालं असं धरायचं. गप्प बसलात म्हणजे हो म्हणालात. अशी पद्धत आहे आमची. चांगली आहे की, भांडणं होत नाहीत.

तर चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं — नियम स्पष्ट होता की नव्हता? आणि आमचा मसुदा म्हणतो, होता. आज तिसावा दिवस. हे तुम्हाला कोणी आधी सांगितलं कसं नाही? नोटीस लावली होती हो, खाली, जिन्याजवळ... बरोबर आहे, तुम्ही कशाला येताय इकडे जिना बघायला. आज सकाळी कळलं? आणि तशाच धावत आलात. चहा निवतोय, घ्या.

नियम स्पष्ट होता का, असं मला तुम्ही विचाराल. विचारा की. होता! लख्ख. पान दोनशे चौदा. बघा, इकडे सरका, मी सांगतो, शाळेतल्या पोरालाही कळेल. दोन जोडशब्द आहेत. एक 'आणि' — म्हणजे मागचं काम नीट झालं असेल तर पुढचं कर. दुसरा 'नाहीतर' — म्हणजे मागचं काम फसलं असेल तरच पुढचं कर. झालं, एवढंच. आणि दोघांचा मान सारखा, कोणी थोरला नाही, कोणी धाकटा नाही. यंत्र डावीकडून उजवीकडे चालत जातं आणि प्रत्येक शब्दापाशी एवढंच बघतं की, शेवटचं केलेलं काम नीट झालं का फसलं. बाकी मागचं त्याला काही आठवत नाही. आता तुमच्या यजमानांनी काय लिहिलं होतं? 'खोली रिकामी आहे का बघ, नाहीतर घंटी वाजव, आणि धूर सोड.' ऐकायला किती शहाण्यासारखं वाटतं ना? माणूस ऐकतो तेव्हा त्याला वाटतं, आत कोणी असेल तर घंटी वाजेल आणि धूर काही सुटायचा नाही. पण यंत्र काय करतं — खोली रिकामी आहे का? नाही, आत माणूस आहे. फसलं. मग 'नाहीतर' — घंटी वाजव. वाजली. नीट वाजली का? हो, खणखणीत वाजली. मग 'आणि' — शेवटचं काम नीट झालंय ना, मग सोड धूर. घंटी नीट वाजली, म्हणून धूर सुटला. न वाजती तर सुटला नसता.

गिळवत नाही ना? मलाही नाही गिळवत.

पण मग तुम्ही म्हणाल, आणि लिहिलंय तुम्ही इथं, तिसऱ्या ओळीत, की नियमाखाली त्याच पानावर उदाहरण छापलंय, आणि यजमानांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. हो. खोटं कसं म्हणू? हे बघा ना, हे इथं, बारीक अक्षरात. 'टाकी रिकामी आहे का बघ, नाहीतर घंटी वाजव, आणि पाणी सोड.' आणि खाली टीप — 'घंटी वाजल्यास पाणी सुटत नाही.' सुटतं, वहिनी! धो धो सुटतं. टीप चूक आहे. वरचा नियम बरोबर आणि खालची टीप साफ चूक. पण आमच्या पुस्तकात पहिल्याच पानावर एक वाक्य आहे — उदाहरणं आणि टिपा समजण्यापुरत्या आहेत, त्या बंधनकारक नाहीत. बंधनकारक फक्त नियम. म्हणजे दोघांत भांडण झालं तर नियम जिंकतो आणि टीप ही जणू नव्हतीच. आणि म्हणूनच तर — हे बाहेर बोलायचं नसतं, पण तुम्ही घरच्यासारख्या — म्हणूनच तर उदाहरणं कुणी तपासतच नाही. जे बंधनकारकच नाही त्याच्यावर कोण डोकं फोडणार? नियमाच्या एकेका शब्दासाठी आम्ही एकमेकांच्या उरावर बसतो, पण उदाहरण वाचायचं आणि मान डोलवायची. यंत्रावर चालवून बघायची तर गोष्टच सोडा. आम्ही लिहिणारे, चालवणारे दुसरे. आमची ही होती तेव्हा विचारायची, तुम्ही एवढं लिहिता, ते कुणी करून बघतं का हो? मी म्हणायचो, तू तुझं बघ.

त्या दिवशीचं मला सगळं आठवतं. समितीत आमचे एक हरकतकाका होते — त्यांचं नावच पडलं होतं तसं, कारण माणूस दोन वाक्यांच्या मधल्या जागेवरही हरकत घ्यायचा. त्या दिवशी त्यांनी दोनशे चौदाच्या नियमातल्या एका शब्दावर सकाळपासून सगळ्यांना धारेवर धरलं होतं. चार तास! प्राध्यापक रडकुंडीला आले, कंपनीवाले साहेब उठून गेले, परत आले, परत गेले. शेवटी जेवायची सुट्टी झाली आणि छापखान्याचा माणूस दारात उभा — पान भरा, खाली जागा रिकामी दिसतेय. तर मी डबा उघडून बसलो होतो, एका हातानं घास आणि एका हातानं... दोन ओळी तर लिहायच्या होत्या. टाकी डोक्यात आली कारण घरची टाकी त्या दिवशी भरून वाहत होती आणि हिचा सकाळपासून तीनदा फोन. लिहिलं, दिलं. दुपारी सगळे परत त्या शब्दावर तुटून पडले, खाली कुणी बघितलंच नाही. हरकतकाकांनी सुद्धा नाही! मेले बिचारे गेल्या थंडीत. ते असते तर या मसुद्यावर पहिल्याच दिवशी हरकत आली असती, तुम्हाला तीन जिने चढायची वेळ आली नसती. ते गेल्यापासून आमच्याकडे कोणी बोलतच नाही. तीस दिवस जातात, सगळं मान्य.

...हो. मीच. ते कुठं लिहू नका हो. म्हणजे आता कागदात तर लिहिता येणार नाही तुम्हाला, पण मी आपलं मन मोकळं केलं. बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं ते छापलं जातंय, आणि कुणाचं काही बिघडलं नाही, कारण लोक शहाणे, लोक उदाहरणं वाचत नाहीत. तुमच्या यजमानांनी वाचलं. मन लावून काम करणारा माणूस, त्याचंच वाईट होतं बघा.

ती शिट्टी होय? काही नाही, मागच्या कारखान्याची. दचकलात की हो. रोज वाजते, आम्हाला आता ऐकूही येत नाही. बसा, बसा. घड्याळ बघताय — पाचला अजून वीस मिनिटं आहेत. आणि एक सांगू, तुमच्या कागदात पान क्रमांक राहिलाय. नुसतं 'त्या पानावर' असं चालत नाही. हे पेन घ्या, इथं, या ओळीच्या वर लिहा, पान दोनशे चौदा. सावकाश. खाडाखोड झाली तर बाजूला सही करा. हं, छान. आणि तारीख. तारीख पण राहिलीय बघा. आज किती? हो.

आणि हे काय जोडलंय? ...पोचपावतीचं कार्ड. आमचंच. 'आपली पृच्छा नोंदवली आहे.' हे सांभाळून ठेवलं होतं त्यांनी? कुठं, कपाटात? शर्टाच्या खिशात! बघा, म्हणजे केवढा टापटिपीचा माणूस. हं. मग तुम्हाला माहीतच आहे की त्यांनी मला विचारलं होतं. अपघाताच्या आधी आठ महिने. सुंदर पत्र होतं, वहिनी, मी बावीस वर्षांत हजार पत्रं वाचली असतील, असं नेमकं पत्र नाही आलं. 'वरचा नियम वाचला तर पाणी सुटतं, खालची टीप वाचली तर सुटत नाही. माझ्याकडे पाणी नाही, विषारी धूर आहे. कोणतं खरं धरू?' एवढंच. तीन ओळी. त्याच संध्याकाळी घरी जाऊन, आयुष्यात पहिल्यांदा, मी ते उदाहरण यंत्रावर चालवून बघितलं. पाणी म्हणजे खरं नाही हो, नुसतं 'पाणी सुटलं' असं अक्षरांत यायचं. तर आलं. घंटी वाजली आणि खाली — पाणी सुटलं. मी चार वेळा केलं. चारही वेळा सुटलं.

मग काय केलं म्हणजे? जे पद्धतीत बसतं ते केलं. नियमाबद्दल शंका असेल तर तीस दिवसांत उत्तर. टिपेबद्दल असेल तर ती छपाईची दुरुस्ती, ती पुढच्या आवृत्तीत. पुढची आवृत्ती तीन वर्षांनी. मी ते पत्र दुरुस्त्यांच्या गठ्ठ्यात ठेवलं. पद्धतशीर ठेवलं, वर तारीख घालून. त्या खणात आहे, डावीकडच्या. आता तुम्ही म्हणाल, एक ओळ लिहून कळवायला काय झालं होतं? काय झालं होतं... कळवलं असतं तर लेखी झालं असतं ना. कार्यवाहानंच लेखी दिलं की टीप चूक आहे, मग कुणी लिहिली, कधी लिहिली — आणि माझी दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला, तेव्हा राहिली होती, आता दोन महिने. बावीस वर्षं या टेबलाशी काढली. माणसाला वाटतं की जाताना लोकांनी चार चांगले शब्द बोलावेत. आणि त्यांनी फोन केलाच होता की नंतर, तेव्हा मी त्यांना सांगितलंच —

...फोन. हो. एकदा केला होता. तुम्हाला नव्हतं सांगितलं त्यांनी? मग जाऊ दे. नाही, विशेष काही नाही, दोन मिनिटांचं बोलणं. साहेब, ते माझ्या पत्राचं काय झालं, खोली पुढच्या आठवड्यात सुरू करायचीय, वरून घाई आहे. तर मी म्हटलं, बावीस वर्षं छापलेलं आहे, कुणाची तक्रार नाही, चालवा. — म्हणजे 'चालवा' असं नाही, म्हणजे बोलण्याच्या ओघात माणूस म्हणतो ना, चालवा, चालू द्या, तसं. त्यानं त्याचा असा अर्थ काढायचा होता का? आणि फोनवरचं बोलणं तर टिपेपेक्षाही बंधनकारक नाही! 'तुम्ही म्हणताय म्हणजे झालं, साहेब,' असं म्हणाला. हसला सुद्धा. माझ्या शब्दावर इतका विश्वास घरच्यांनी कधी ठेवला नाही.

त्यानंही करून बघितलं होतं, तसं नाही. दहा वेळा बघितलं. पण खोली रिकामी ठेवून बघितलं, आणि खोली रिकामी असली की ती ओळ अगदी बरोबर चालते — घंटी गप्प, धूर चालू. आत माणूस ठेवून कोण बघणार? तसं बघायला तो दिवस उजाडावा लागला. ते गाठोडीवाले काका, दार लावायच्या आधी पटकन आत गेले, का तर चष्मा राहिला होता एका गाठोड्यावर. घंटी वाजली. आणि त्या गोदामात घंटी कशालाही वाजायची — चहाची, गाडी आल्याची, सुट्टीची. रोजचीच घंटी, तिला कोण दचकतो? ते आपले चष्मा पुसत उभे राहिले असणार. पुसायच्या फडक्यासकट सापडले ना? तुमच्याच यजमानांनी दार फोडलं म्हणे, हात सोलून घेतले. मी ते वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा पहिली गोष्ट काय केली सांगू? तो खण बघितला, पत्र जागेवर आहे का. मग देवासमोर बसलो. आधी खण. माणूस कसा असतो बघा, मला माझीच किळस आली.

...ते? प्रिंटर आहे. करकरतो असा अधूनमधून, जुना झालाय. एक पान आलंय, येऊ दे. बघतो मी. तुम्ही कुठं निघालात, बसा. शिक्का? हो, शिक्का. तेच बोलू आपण. हे पान एवढं जरा... हं. हं. बरोबर. ठीक आहे.

वहिनी, म्हणजे आता — बाई. बाई, माझं नीट ऐका. ते कोपऱ्यातलं यंत्र दिसतंय ना, ज्याला हिरवा दिवा आहे? मसुद्यांची मुदत ते सांभाळतं. त्यात एक ओळ आहे, माझीच, मीच लिहिली. 'पाच वाजता हरकतींची पेटी रिकामी आहे का बघ, आणि उत्तर पाठव.' एवढीच. मी शिक्का मारून नोंद केली तर हरकत पेटीत पडते, नाहीतर पेटी रिकामी. पेटी रिकामी होती. उत्तर गेलं. ही त्याची पोच, बघा — चौकशी अधिकाऱ्याकडे, पाच वाजून शून्य मिनिटं चार सेकंद. ती ओळ मात्र मी चालवून बघितली होती. सात वेळा.

घड्याळ? हो, तिथं पावणेपाचच वाजलेत. वीस मिनिटं मागं आहे ते. सेल उतरलाय, महिना झाला, बदलायचा राहिलाय — का राहिलाय ते मला विचारू नका. मघाशी शिट्टी वाजली ना, ती पाचची होती. मी म्हटलं तुम्हाला, रोजची आहे म्हणून. खोटं नाही बोललो. भिंतीवरचं घड्याळ नुसतं बघण्यापुरतं आहे, बाई. बंधनकारक हे, कोपऱ्यातलं.

नका, अशा बघू नका. कागद माझ्या अंगावर टाकून काय होणार, तो मुदतीनंतरचा आहे, मुदतीनंतरचा कागद मी हातात सुद्धा घेऊ शकत नाही. उचला तो. कार्डही उचला, त्याच्या खिशातलं आहे, मुलांना राहील. आणि मी जे बोललो ते — कुठं सांगाल? कोणाला? कुणी विचारलं तर मी म्हणेन, बाई साडेचारला आल्या, दमल्या होत्या, मी चहा दिला, पण पान क्रमांक राहिला होता, तारीख राहिली होती, लिहीपर्यंत पाच वाजून गेले. सगळं खरंच आहे त्यातलं. शाई सुद्धा अजून ओली आहे. सोमवारी ते उत्तर वाचतील — नियम निःसंदिग्ध होता, टिपा बंधनकारक नाहीत — आणि पुढच्या आवृत्तीत टीप दुरुस्त होईल. ते मात्र मी करून जाणार, शेवटचं काम म्हणून. तेवढा शब्द देतो. त्यांना सांगा भेटाल तेव्हा, की त्यांचं बरोबर होतं. फार नेमकं पत्र होतं, सांगा.

उठा आता. मला कुलूप लावायचंय. मोबाइल विसरू नका खाली. जिन्याला मधल्या मजल्यावर दिवा नाही, कठडा धरून उतरा. आणि दार हळू ओढा — त्याची कडी आपोआप बसते, मग आतून हाक मारली तरी बाहेर ऐकू येत नाही. जा.